साडेबारा अंश

औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत सगळे तिला दुर्बीणताई म्हणत. बावीस वर्षं ती एकाच यंत्राला डोळा लावून बसली होती. मागच्या अंधाऱ्या खोलीत प्रकाश किती वळला ते मोजणारा पोलॅरिमीटर, त्याचा पिवळा दिवा आणि एक उंच स्टूल. त्याची गादी तिने दोनदा स्वतःच शिवून बदललेली.

कारखान्यात बनायचं ते फिट येऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांचं औषध. त्याचा रेणू दोन रूपांत तयार होतो. तेच अणू, तशीच जोडणी, वजनही तेवढंच. पण एक रूप दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. घरी वहिनीने एकदा विचारलं होतं, "सगळं सारखंच असेल तर बिघडतं कुठे?" ताईने तिच्या उजव्या हातात डावा रबरी हातमोजा चढवायला दिला. अंगठा काही केल्या बसेना. "शरीरातही असंच," ताई म्हणाली, "एक रूप लागू पडतं, दुसरं नुसतं पोटात जातं."

दोन्ही रूपं ओळखायची ती प्रकाशावरून: एक रूप प्रकाश उजवीकडे वळवतं, दुसरं तितकाच डावीकडे. औषधाचं पाणी नळीत भरून आत डोकावलं, की वर्तुळाचे दोन अर्धे भाग दिसत, एक उजळ आणि एक काळसर. चकती फिरवून दोन्ही सारखे झाले की आकडा वाचायचा. शुद्ध औषध साडेबारा अंश दाखवी. आकडा आपोआप दाखवणारं नवं यंत्र घ्यायचं घाटत होतं, तेव्हा ताईनेच मोडता घातला. "बावीस वर्षांत माझा एक तरी आकडा चुकला का?" तिने साहेबांना विचारलं. साहेबांनी नव्या यंत्राची फाईल बाजूला ठेवली.

त्यानंतर वर्षभरात तिच्या उजव्या डोळ्यासमोर मधोमध एक धुरकट ठिपका आला. डावा डोळा लहानपणापासूनच अधू. डॉक्टर म्हणाले, पडदा झिजतोय, लगेच इंजेक्शनं सुरू करा. तिने घरी चष्म्याचा नंबर वाढल्याचं सांगितलं आणि कारखान्यात तर अवाक्षरही काढलं नाही. दोन अर्ध्यांमधली रेघ आता दिसत नव्हती, सगळं एकच राखाडी. पण हाताला जागा पाठ होती. चकती नेमकी तिथेच थांबे आणि ती लिही: साडेबारा.

चार महिने असेच गेले. एका दुपारी तिने आकडा लिहिला, नळी बाहेर काढली, तर नमुन्याची बाटली शेजारी न उघडलेली तशीच होती. नळीत औषध नव्हतंच. सकाळी यंत्र शून्यावर आहे का ते तपासायला भरलेलं साधं पाणी तसंच राहिलं होतं. पाण्याने प्रकाश तसूभरही वळत नाही, आणि वहीत तिच्याच अक्षरात साडेबारा होतं.

ती स्टुलावरून उठली. मग शेजारच्या टेबलावरच्या मास्तरांना बोलावलं. ते तिच्यासोबतच नोकरीला लागलेले.

"मास्तर, चार महिन्यांचे राखीव नमुने काढा. तुम्ही वाचा, मी लिहिते."

"का हो? काय झालं?"

"मला दिसत नाही."

मास्तर नमुन्यांचं कपाट उघडायला गेले. एकतीस नमुन्यांपैकी तीस चोख निघाले. एकाला मात्र त्यांनी दोनदा, तीनदा पाहिलं आणि हळूच म्हणाले, "आठ." म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा औषध उलट्या रूपाचं. ती बॅच सात आठवड्यांपूर्वीच बाजारात गेली होती.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "पाण्याचं कोणाला कळलं नसतं," ते म्हणाले.

"मला कळलं ना."

त्यांनी फोन उचलला आणि माल परत मागवायचा हुकूम सोडला. तिला त्या खोलीतून काढलं आणि माल गोळा करणाऱ्यांसोबत पाठवलं. तसं तिनेच मागून घेतलं होतं. दुकानांतली निम्म्याहून जास्त खोकी तोवर विकून रिकामी झालेली.

एका औषधाच्या दुकानात मालक शिल्लक खोकी मोजता मोजता म्हणाला, "एक बाई येतात, लेकीसाठी नेतात. पोरीला वर्षभर फिट नव्हती. मागच्या महिन्यात दोनदा आली. शाळेच्या जिन्यावर पडली. डॉक्टरांनी डोस वाढवलाय."

"ह्याच बॅचच्या गोळ्या होत्या का?"

"ते कसं सांगू? वाढत्या वयातही होतं म्हणे तसं."

ताईने बाईंचा पत्ता मागितला. मालकाने तो दिला नाही, आणि तिलाही आग्रह धरवला नाही. बॅचचा नंबर आणि कारखान्याचा फोन तिने एका कागदावर ठळक लिहिला. "त्या आल्या की हे द्या. वाढवलेला डोस पुढे चालू ठेवण्याआधी डॉक्टरांना दाखवायला सांगा."

घरी तिने भावाला आणि वहिनीला सगळं सांगितलं. भाऊ चिडला, "आधी सांगितलं असतंस तर?" वहिनी म्हणाली, "आता डोळ्याचं तरी बघू या." इंजेक्शनं सुरू झाली. ठिपका वाढायचा थांबला, पण गेला नाही.

महिन्याभराने नवं यंत्र आलं. ताई आता बाटल्यांच्या नोंदी ठेवते. दुकानातून फोन कधीच आला नाही. दर सोमवारी ती कारखान्याच्या फोनवाल्याला विचारते, "कोणी बाई काही विचारत होत्या का?" तो नाही म्हणून मान हलवतो, आणि ह्यात बरं वाटून घ्यावं की वाईट, हे तिला अजून उमगलेलं नाही.