ब्रेकखाली काय होतं

ब्रेक खाली गेला नव्हता. एवढी एक गोष्ट मला पक्की माहीत होती आणि घरात ती ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

निरवांगीहून मी रोज गाडी चालवत बारामतीला जाते. तिथल्या एका प्रयोगशाळेत रक्त तपासते. उपाशीपोटी रक्त द्यायला लोक भल्या सकाळी येऊन बसतात आणि एवढ्या लवकर पोचवणारी एसटी आमच्या गावाला नाही, म्हणून गाडी घेतली. त्या दिवशी सासऱ्यांचे डोळे डॉक्टरांना दाखवायचे होते. त्यांना मी मामा म्हणते. ते शेजारी बसले होते. भवानीनगरच्या अलीकडे पाटाचा पूल आहे, त्याच्या तोंडाला गतिरोधक. गाडी त्यावरून उसळली, पुढचा उसाचा ट्रॅक्टर एकदम थांबला, मी ब्रेक दाबला तर पाय खाली जाईना. सगळा जोर लावला. दगडावर पाय दिल्यासारखं लागत होतं. मग स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी रस्त्याकडेच्या चारीत उतरून बाभळीवर आदळली. मला नुसतं खरचटलं. मामांच्या मांडीचं हाड मोडलं.

गावाला कारण शोधायला वेळ लागत नाही. मोबाईल बघत असेल, हे पहिलं. मोबाईल पर्समध्ये होता आणि पर्स मागच्या सीटवर, पण ते कुणी विचारलं नाही. मग, बाईमाणूस, घाबरली आणि ब्रेक समजून एक्सिलेटर दाबला. हे मात्र सगळ्यांना पटलं. नवरा पुण्याहून आला आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला, "चुकतं गं एखाद्या वेळी. गाडीचं आता राहू दे." त्याच्या त्या मायेचा मला गावापेक्षा जास्त राग आला. घरातली चावी आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, कपाटात कुलपाआड ठेवली. प्रयोगशाळेतून फोन आला की थोडे दिवस वाट बघू, नाहीतर दुसरं माणूस घ्यावं लागेल.

गाडी बारामतीला गॅरेजमध्ये होती. मी एसटीनं गेले. मेकॅनिक म्हणाला, "ताई, ब्रेकला काय झालेलं न्हाय. ऑइल हाय, पाईप चांगला हाय. तुमी सोता बसून बघा." बसले. पेडल सहज खाली गेलं. वाटलं, लोक म्हणतात तेच खरं असेल, माझाच पाय चुकला असेल. पण एखादा रिपोर्ट पटला नाही, तर मी नमुना पुन्हा तपासणीला लावते, माणसाला आजारी ठरवून मोकळी होत नाही. तेवढी सवलत मला स्वतःलाही हवी होती. खाली वाकून टॉर्च लावला आणि पेडलच्या मागे हात घातला. बोटांना खरखरीत काहीतरी लागलं. नारळाच्या शेंडीचे तंतू होते, सांध्यात अडकलेले, आणि त्यांच्यात लाल सुताचा एक धागा.

गाडी घेतल्यावर आम्ही मोरगावला पूजा केली होती. तिथला नारळ लाल फडक्यात बांधून समोरच्या कप्प्यात ठेवला होता, गाडीची राखण करायला. त्या सकाळी मामांनी डोळ्यांचे कागद ठेवायला तो कप्पा रिकामा केला. नारळ पायाशी ठेवणं त्यांना बरं वाटेना, म्हणून तो दोन सीटच्या मध्ये, हँडब्रेकपाशी ठेवला. गतिरोधकावर तो तिथून उडून माझ्या पायांकडे आला आणि ब्रेकखाली अडकला होता.

घरी पोचले ती थेट देवघरात गेले. नारळ तिथंच होता. गाडी चारीतून काढायच्या आधी आत्यांनी जाऊन तो शोधून आणला होता आणि भेटायला येईल त्याला त्या सांगत होत्या, "ह्याच्यामुळं वाचली दोघं." रोज हळदकुंकू वाहत होत्या. मी नारळ फिरवून बघितला. मागच्या बाजूला फडक्यावर पेडलच्या रबराच्या काळ्या रेघा उमटल्या होत्या आणि त्यांच्याखाली करवंटी तडकलेली होती.

नारळ ओढणीत घेऊन मी मामांच्या खोलीत गेले आणि दार लोटलं. मांडीत सळई घातल्यापासून ते पलंगावरच होते. रेघा दाखवल्या, शेंडीचं सांगितलं. ते रेघांवरून अंगठा फिरवत राहिले. बाहेर आत्या भांडी घासत होत्या. तो आवाज थांबला की मी दाराकडे बघायचे.

"घरात कुणाला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही मामा. पहिलं तुम्हालाच."

"सांगू नगंस. देवाचं नाव निघंल."

"देवाचं नको निघायला. माझं निघालेलं चालतं?"

त्यांच्याशी असं मी कधी बोलले नव्हते. त्यांनी डोळे मिटले. आता ओरडणार, असं मला वाटलं. त्यांनी आत्यांना हाक मारली. आणि मी नारळ पटकन ओढणीखाली झाकला. का, ते मला आजही सांगता येत नाही.

आत्या हात पुसत दारात आल्या.

"गाडी नीट झाली की चावी हिला दे," मामा म्हणाले.

"अवं, पन..."

"दे म्हनलं न्हवं. ती चांगली चालवती."

नारळाचं पुढचं वाक्य येईल म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

नोकरी टिकली. मी रोज त्या पुलावरून जाते. राग अजून गेलेला नाही. गिरणीत दळण घेऊन गेले की बायका मला तोंडावर सांगतात, तुझा सासरा लई मोठ्या मनाचा, सुनेनं पाय मोडला तरी तिच्याच हातात चावी दिली. मी व्हय म्हणते आणि दळण घेऊन घरी येते.