शुक्रवारचा उपास

गेली पुष्कळ वर्षं मी शुक्रवारी जेवत नाही. सकाळी चहा, दुपारी ताक, बस. घरात सगळ्यांचा समज असा, की हा देवीचा उपास आहे. लग्न झाल्यावर बायकोनं एकदा विचारलं होतं, कोणत्या देवीचा. मी म्हटलं, आमच्याकडं असतो. तिनं पुन्हा विचारलं नाही. आता तर मुलगी न सांगता गुरुवारी संध्याकाळी दुधाला विरजण लावून ठेवते.

हा उपास कुठल्याच देवाचा नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तो एका खोट्यातून निघाला, आणि ते खोटं मी बोललो तेव्हा सोळा वर्षांचा होतो. सोळा वर्षांच्या मुलाला कळत नाही असं म्हणतात. मला कळत होतं.

मी नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडचा, डोंगरातला. गावात चौथीपर्यंत शाळा होती. पुढं वडिलांनी मला नगरला आणून आमच्या समाजाच्या बोर्डिंगात ठेवलं. बोर्डिंगात राहायला खोली मिळायची, जेवण नाही. जेवायला वार लावून दिलेले होते, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे सात दिवस सात घरांत वाटलेले. लढाई सुरू होती. रेशनिंग आलं आणि शुक्रवारच्या घरानं हात जोडले. त्यांचंही चुकलं नाही. कार्डावर जेवढी माणसं तेवढंच धान्य, माझं नाव कोणाच्याच कार्डावर नव्हतं. शुक्रवार रिकामा राहिला.

हायस्कुलात दुसरी भाषा घ्यावी लागे. संस्कृत घ्यायचं मनात होतं. पहिल्या दिवशी संस्कृतच्या मास्तरांनी मला उभं करून एक ओळ वाचायला लावली. आमच्या बोलण्यात ‘पाणी’चं ‘पानी’ होतं. ओळीतल्या ‘ण’चाही ‘न’ झाला. त्यांनी तो शब्द चारदा म्हणून घेतला, चारही वेळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी मी फारशीच्या वर्गात जाऊन बसलो. तो वर्ग मागच्या पडवीत, लिंबाखाली भरत असे. पाच मुसलमान मुलं आणि सहावा मी.

फारशी शिकवणारे म्हातारे गृहस्थ होते, सगळे त्यांना मुन्शीजी म्हणत. त्यांनी माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं.

“फारशी शिकायला आलास की सावलीला बसायला?”

“दोनीला,” मी म्हटलं.

“बरं. सावली फुकट आहे. फारशीला मेहनत पडेल.”

शुक्रवारी नमाजासाठी मधली सुट्टी मोठी असे. मुलं घरी जात, मी लिंबाखाली पाणी पिऊन बसत असे. दोन-तीन शुक्रवार मुन्शीजींनी पाहिलं. चौथ्या शुक्रवारी ते नमाजाहून परत येताना शाळेवरून आले आणि म्हणाले, “चल.” कुठं ते सांगितलं नाही.

घर दोन खोल्यांचं, पुढं अंगण. मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. घरी आम्ही कोंबडी-बकरं खात होतो, शाकाहारी नव्हतो. पण मुसलमानाच्या चुलीवरचं खायचं नाही, हे मला कोणी शिकवलं नव्हतं तरी येत होतं. मुन्शीजींच्या बायकोला मी पुढं चाची म्हणू लागलो. तिनं माझा चेहरा पाहिला आणि आतून एक गाडगं आणून माझ्यापुढं धरलं. कोरं होतं, गळ्याला लाल दोरा बांधलेला.

“परवाच कुंभारनीकडून आनलंय,” ती म्हणाली. “यात आमच्या घरचं काय बी शिजलं न्हाई. दोरा बांदलाय, म्हंजे सुना चुकायच्या न्हाईत. यात शुक्रवारी तुजंच शिजंल.”

त्यात चिंच घातलेली आंबट डाळ होती. आणि भात. त्या घरी जोंधळ्याची भाकरी खात. भात माझ्यासाठी, कारण मुन्शीजींनी घरी सांगितलं होतं की पोरगा भाताच्या मुलखातला आहे. रेशनवर तांदूळ किती मिळे हे मला ठाऊक होतं. मी उंबरा ओलांडला आणि जेवलो. पोट भरलं तेव्हा कळलं, की गावाहून आल्यापासून मी इतका भात एका वेळी खाल्लाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी शनिवारच्या घरच्या आजींनी विचारलं, “काल रे कुठं जेवलास? तुझं तर घर सुटलं.”

“शुक्रवारी उपास धरलाय,” मी म्हटलं.

तोंडातून गेलं ते गेलं. आजींनी सुनेला हाक मारली, “बघ गं, एवढंसं पोर आणि उपास करतंय. आपल्या पोरांना चार वेळा गिळायला लागतं.” त्या दिवसापासून शनिवारी माझ्या भातावर तूप पडू लागलं. म्हणजे मुन्शीजींकडं जेवायचो आणि न जेवल्याचं तूप शनिवारी खायचो. हे असं तीन वर्षं चाललं.

जेवण झालं की मुन्शीजी मला समोर बसवून जुनी कागदपत्रं वाचायला देत. लांबून माणसं त्यांच्याकडं जमिनीचे कागद घेऊन येत. पारनेरकडचा एक शेतकरी आला होता, त्याच्याजवळ पणज्याच्या वेळचा फारशी कागद होता, धोतराच्या फडक्यात बांधलेला. मुन्शीजींनी तो माझ्या हातात दिला. अर्धा तास मी अडखळत होतो. मग एकदम लागलं: पूर्वेस ओढा, पश्चिमेस आंब्याचं झाड.

शेतकरी म्हणाला, “आंबा हाय की अजून. लई म्हातारा झालाय, पन हाय.”

मला काय वाटलं ते आज नीट सांगता येणार नाही. ज्या शब्दांनी आमच्या गावचा पाटील बोले, हद्द, वारस, कबूल, दस्त, ते सगळे या कागदात बसलेले होते. ज्या बोलीला वर्ग हसला, तिच्या आत ही भाषा होती आणि हसणाऱ्यांना ती वाचता येत नव्हती. मी डोंगरातला अडाणी पोर आहे असं तोवर मला वाटे. त्या दिवसानंतर वाटेना. वडिलांना मी तलाठी व्हायला हवा होतो. मी ठरवलं, पुण्याला जाऊन इतिहास शिकायचा, असेच कागद वाचायचे.

जेवताना मुन्शीजींना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला कागद जुन्या घडीवरच दुमडून ठेवला. मग म्हणाले, “संस्कृतवाले एका पेटीतले कागद वाचतात, फारशीवाले दुसऱ्या. दोन्ही पेट्या उघडणारा एखादा पाहिजे. मॅट्रिक हो. पुण्याला माझ्या ओळखीचे एक आहेत, त्यांना चिठ्ठी देतो.”

चाची आतून म्हणाली, “आदी त्याला उठू द्या, हात वाळला त्याचा.”

मॅट्रिकच्या वर्षी, शाळा उघडली तेव्हा, शहरातली हवा बिघडलेली होती. माणसं एकमेकांच्या दुकानात जाईनाशी झाली होती. अशात सोमवारच्या घरच्या गड्यानं मला मुन्शीजींच्या अंगणात हात धुताना पाहिलं. सोमवारच्या घरचे मालक शाळेच्या कमिटीवर होते आणि बोर्डिंगही त्यांच्याच शब्दावर चाले. दोन दिवसांनी मला हेडमास्तरांच्या खोलीत बोलावणं आलं.

खोलीत हेडमास्तर, मालक आणि मुन्शीजी होते. मुन्शीजींना खुर्ची दिलेली नव्हती.

मालक म्हणाले, “वर्गाला सहा मुलं लागतात. पाचच आहेत, म्हणून हे पोरांना जेवणाची लालूच दाखवून सहावा आणतात. विचारा यांना.”

“लालूच नाही साहेब,” मुन्शीजी म्हणाले. “मुलगा शुक्रवारी आमच्याकडे जेवतो. त्याचं त्या दिवशी घर नाही. फारशी त्यानं त्याच्या मनानं घेतली, जेवण नंतरचं. त्यालाच विचारा.”

हेडमास्तर वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी माझ्याकडं वळून साधा प्रश्न विचारला, “खरं का रे? जेवतोस यांच्याकडं?”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर बोर्डिंगची खोली जाणार, सहा वारांची घरं जाणार, आणि मला गावी परत जावं लागणार. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. म्हणून मी म्हणतो, मला कळत होतं.

मी म्हटलं, “नाही सर. मी त्यांच्या घरचं पाणीसुद्धा प्यालो नाही. माझा शुक्रवारी उपास असतो.”

मालक म्हणाले, “हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक आहे.”

मी मुन्शीजींकडं पाहिलं नाही. टेबलावर लाखेची कांडी होती, तिच्याकडं पाहत राहिलो. मुन्शीजींना एवढंच म्हणता आलं असतं, की गड्याला बोलवा, त्यानं पाहिलंय. ते सोपं होतं. गडी बाहेर व्हरांड्यातच होता.

मग मुन्शीजी म्हणाले, “माझीच चूक झाली असेल साहेब. वय झालं. शुक्रवारी याचा उपास असतो, बरोबर आहे. तो दुसरा कोणी मुलगा.”

मालक हसले. हेडमास्तरांनी मला विचारलं, फारशी पुढं ठेवायची आहे का. मी नको म्हटलं. त्यांनी माझं नाव अर्धमागधीच्या वर्गात लिहिलं. पाच मुलांचा वर्ग आठवड्यात बंद झाला आणि मुन्शीजींची नोकरी गेली. खोटं बोलणारा म्हातारा असाही शिक्का त्यांच्यावर बसला, तो त्यांनी माझ्यासाठी स्वतःच मारून घेतलेला होता.

पुढच्या शुक्रवारी मी मधल्या सुट्टीत लिंबाखाली बसलो. भूक लागली होती. त्या दिवसापासून उपास खरा झाला.

मॅट्रिक झालो. पुण्याला गेलो नाही. चिठ्ठी मागायला कोणत्या तोंडानं जाणार. नगरलाच जुन्या कागदपत्रांच्या एका कचेरीत कारकून लागलो. तिथं कपाटांत फारशी कागद रुमालांत बांधून ठेवलेले होते. झाडलोट करताना एखादी ओळ नजरेखालून जाई आणि लागे. मला वाचता येतं हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कुठं शिकलास.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी हद्दीच्या तंट्यात एक फारशी कागद निघाला. हेडक्लार्क म्हणाले, “गावात एक म्हातारा मुन्शी आहे म्हणतात, त्याच्याकडून वाचून आणू.” आणि मला बरोबर घेतलं.

अंगण तेच होतं. मुन्शीजी भिंतीला टेकून बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. कागद त्यांच्या हातात दिला तर त्यांनी तो बोटांनी चाचपला, नाकाशी नेला.

“डोळे गेले साहेब. पण कोणी अक्षरं लावून नुसतं वाचून दाखवलं तर अर्थ मी सांगेन. तुमच्यात आहे कोणी?”

“आमच्यात कुठला,” हेडक्लार्क म्हणाले. “हा एक पोरगा आहे, तो अर्धमागधीवाला.”

कागद मुन्शीजींच्या मांडीवर उघडा होता. मला उभ्या जागेवरून पहिली ओळ दिसत होती. पूर्वेस कोणाचं तरी शेत होतं. मी गप्प राहिलो. मी काही बोललो असतो तर आवाजावरून त्यांनी ओळखलं असतं, हीच मला भीती होती.

तेवढ्यात चाची आतून पाणी घेऊन आली. तिनं मला पाहिलं. लगेच ओळखलं, हे मला दिसलं. तिच्या मागं, दारातून दिसणाऱ्या फळीवर ते गाडगं पालथं होतं, गळ्याचा दोरा धुरानं काळा पडलेला. तिनं हेडक्लार्कना पाण्याचा पेला दिला. ते सुधारक होते, प्यायले. मग म्हणाले, “याला पण द्या की.”

“त्यांना नगं,” चाची म्हणाली. “त्यांचा उपास असल.”

त्या दिवशी मंगळवार होता. ती मला कधी ‘तुम्ही’ म्हणाली नव्हती.

मुन्शीजींनी मान वर केली. त्यांचा चेहरा माझ्या बाजूला वळला आणि तसाच राहिला. क्षणभर वाटलं, आता विचारतील. त्यांनी कागदाची घडी घातली, जशी मला शिकवली होती तशी, जुन्या घडीच्या खुणेवरच, आणि म्हणाले, “वाचणारा कोणी मिळाला तर आणा साहेब. मी घरीच असतो.”

कचेरीनं तो कागद पुण्याला पाठवला. मी पुन्हा त्या घरी गेलो नाही. दोन वर्षांनी मुन्शीजी गेल्याचं बाजारात कानावर आलं. चाची मुलाकडं कुठं गेली ते मी विचारलं नाही.

उपास केल्यानं यातलं काही फिटत नाही, हे मला ठाऊक आहे. हेडमास्तरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून माझ्याकडं राहिलेलं आहे. मी त्या घरी तीन वर्षं जेवलो. फारशी मी माझ्या मनानं घेतली होती. मुन्शीजी खरं बोलत होते. हे त्यांच्यासमोर, त्या खोलीत, मालकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं होतं. ते मी सांगितलेलं नाही.