वायचं शेपूट

आमच्या ताईने आयुष्यात दोघांवरच जीव लावला: भाऊजींवर आणि इंग्रजी कर्सिव्हमधल्या 'वाय'च्या शेपटीवर. क्रम मी मुद्दाम उलटा लिहिलाय, कारण भाऊजी हे वाचणार आहेत.

तिसरीच्या पोरांना ती वर्षानुवर्षं जोडून लिहायला शिकवते. चार रेघांची वही, टोक काढलेली पेन्सिल आणि तिचा दरारा. "शेपूट सरळ खाली. लाल रेघेला टेकलं की लगेच वर. पोट सुटता कामा नये!" आमच्या भागातला औषधवाला, पोस्टमन, एवढंच काय, डॉक्टरसुद्धा तिच्याच हाताखालून गेलेले. डॉक्टरांची चिठ्ठी पेशंटला वाचता येते, हा सगळा ताईचा प्रताप.

यंदा तिचा पाय मुरगळला. आठवडाभर तिचा वर्ग शेजारच्या तुकडीच्या नव्या बाईंनी सांभाळला. परत आल्यावर ताईने वह्या उघडल्या आणि नवऱ्याच्या कोटावर परक्या बाईचा केस सापडावा तशी किंचाळली. एकूण एक वायचं शेपूट फुग्यासारखं गोल!

"हे कुणी शिकवलं?"

"नव्या बाईंनी," तिची लाडकी, पहिल्या बाकावरची चिमणी म्हणाली. "असं काढलं की हात थांबतच नाही, बाई. पटकन होतं."

घरभेदी कुठली!

तेव्हापासून ताईच्या अंगाचा जो तिळपापड झाला तो काही शमेना. नवी बाई हसली की "दात दाखवते", गप्प बसली की "शिष्ट आहे मेली". तिच्या छत्रीचा रंगसुद्धा ताईला खुपायचा.

शेवटी हेडमास्तर वैतागले. "एका शाळेत दोन शेपट्या चालणार नाहीत. शुक्रवारी दोघी फळ्यावर लिहा. एक वळण ठरवून टाकू."

"तिचं शेपूट किती भिकार आहे, ते मीच काढून दाखवते," ताईने घरी जाहीर केलं. पण भिकार काढायचं तरी हुबेहूब नको का? रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती नव्या बाईचं शेपूट गिरवत बसली.

"अगं, माझ्या आईचं वळणसुद्धा तू इतकं मन लावून घेतलं नाहीस," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. ते दिसतं तितकं सोपं नाही."

शुक्रवारी दोन्ही वर्ग गोळा झाले. ताईने खडू उचलला आणि तरंगत यावी तशी गोल शेपटांची ओळ काढली. "हे त्यांचं. आता योग्य वळण बघा." तिने खाली दुसरी ओळ लिहिली. तीही गोल! पुसली, दात-ओठ खाऊन पुन्हा लिहिली. शेपूट फळ्यावर आखलेल्या लाल रेघेपाशी थांबायलाच तयार नव्हतं.

हेडमास्तरांनी चष्मा वर केला. "अहो, दोघींचं एकच आहे की! मग भांडण कसलं? हेच ठरलं."

संध्याकाळी मी भीत भीत ताईकडे गेलो. म्हटलं, रडत असेल. ती तर आरामात चहा पीत होती.

"हरलीस ना गं?"

"मी? जाताना ती स्वतः काय म्हणाली विचार. 'बाई, माझ्यापेक्षा तुमचंच जास्त गोल येतं.'" ताईने कप खाली ठेवला. "आता तोंड कसं दाखवेल रे बिचारी!"