पंचशीलाने सरळ विचारलं

माझी सून पंचशीला इथे इंदूरात बडा गणपतीजवळच्या एका सरकारी दफ्तरात क्लर्क आहे. तिच्या हिमतीला कोणी नावं ठेवली ना, तर माझ्याशी गाठ आहे, आधीच सांगून ठेवते.

मागच्या वर्षी तिला डिप्रेशन आलं. झोप उडाली, जेवण सुटलं, आणि जो तो आपल्यावर चिडलाय असंच तिला वाटायला लागलं. भाजीवाला, शेजारीण, मी. माझा चेहरा तर बापाकडून आलेला, महूच्या फौजीचा. हसले तरी समोरचा दचकतो! "उगाच मनाला लावून घेतेस," असं मी वर तिलाच फटकारायचे. चुकलंच माझं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या आजारात साधा चेहरासुद्धा रागीट दिसू शकतो. गोळ्या घ्या, आणि अंदाज बांधू नका. सरळ विचारा."

सांगायला काय जातंय! दफ्तरातले बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, उदयसिंहजी तिच्या नमस्काराला नुसत्या भुवया उडवायचे, ओठ घट्ट मिटलेले. बारा वर्षं हेच चाललेलं. पण आता तिला त्यात तिरस्कार दिसायला लागला. एका सोमवारी तिने राजीनामा लिहून पर्समध्ये टाकला. परीक्षा देऊन मिळवलेली नोकरी, खानदानातली पहिली बाई! मी म्हटलं, "दे खुशाल. पण आधी त्यांना विचार."

गेली की हो ती! भरल्या दफ्तरात, टेबल धरून म्हणाली, "सर, आप मुझसे नाराज हैं क्या?"

उदयसिंहजींनी हाताने 'थांबा' अशी खूण केली आणि बाहेर पळाले. तोंड पुसत परत आले.

"अरे मॅडम, मुँह में पान रहता है! अपने इंदौर में थूको तो जुर्माना, आदमी थूके तो कहाँ थूके? और आपसे नाराज? आप नहीं होंगी तो सेक्शन बैठ जाएगा।"

राजीनामा तिने तिथेच फाडला. आजार काही त्या दिवशी पळाला नाही. गोळ्या चालू आहेत, अजून एखाद्या चेहऱ्याला ती घाबरते. पण जाऊन विचारते. मी फौजीची लेक, माझी नसती बाई छाती झाली.

त्या दिवशी संध्याकाळी घरी आली, सगळं सांगितलं, आणि माझ्यासमोर उभी राहिली. "आई, तुम्ही रागावलात का माझ्यावर?"

आमच्यात तोंडावर कौतुक करायची पद्धतच नाही. तरी म्हटलं, "नाही गं पोरी, अभिमान वाटतो तुझा." आणि मला रडूच फुटलं.

तर लगेच विचारते कशी, "आणि हे रडू कशाचं, आई?"