लुगड्याचे सांधे

नव्या शतकाची पहिली काही वर्षं. मंगळवार पेठेत दोन खोल्यांत आमचा ॲनिमेशनचा स्टुडिओ होता. सहा जणांत बाई मी एकटी. काम आलं होतं शेतीच्या माहितीपटाचं. उसात भांगलण करणारी, तण खुरपणारी बाई संगणकावर उभी करायची, तिला उकिडवं बसवायचं आणि खुरपं चालवत पुढं सरकवायचं. बाई मी केली, तिला लुगडं नेसवलं, आणि तिथंच घोडं अडलं.

अशा आकृतीच्या अंगात हाडांसारखे सांधे बसवतात आणि कापडाचा कुठला भाग कुठल्या सांध्याबरोबर हलणार ते ठरवून देतात. स्टुडिओ सरांचा, आणि त्यांची पद्धत सोपी: शरीराला जे सांधे, तेच कापडाला. शर्ट-पँटला ते झकास चालतं. माझी बाई मात्र खाली बसली की पुढच्या निऱ्या मधोमध दुभंगायच्या, अर्ध्या या मांडीवर, अर्ध्या त्या मांडीवर. मग सर म्हणाले, घागऱ्याला लावतात तसे कमरेभोवती वेगळे सांधे लाव. लावले. तर मागचा कासोटा सुटून लोंबायला लागला आणि पाय कापडातून आरपार बाहेर.

"पंजाबी ड्रेस घाल तिला," सर म्हणाले. "शनिवारी दाखवायचंय. नाहीतर तू झाडं कर, बाई दुसरा कुणीतरी करेल."

मला नुसता राग नाही आला, अपमान वाटला. माझी आई जन्मभर लुगड्यात भांगलली, आणि संगणकाला ते जमत नाही म्हणून शेतातल्या बाईनं कपडे बदलायचे? "शनिवारी ती लुगड्यातच दिसेल," मी म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पेठ वडगावची एसटी धरली.

घरी गेल्या गेल्या आईच्या लुगड्यावर कमरेपासून घोट्यापर्यंत टिकल्या चिकटवल्या. कुठली टिकली कशाबरोबर हलते, ते मला बघायचं होतं.

"याड लागलंय व्हय गं तुला? शिकून ह्येच करतीस तितं?"

"बस की गं आई, भांगलायला बसतीस तशी."

"आसं सोडून कोण भांगलतंय? थांब जरा." तिनं निऱ्या वर ओढल्या, ओचा कमरेला खोचला, लुगडं गुडघ्यावर घेतलं आणि मग बसली.

मी कपाळावर हात मारून घेतला. आम्ही बाईला लग्नाला निघाल्यासारखं घोट्यापर्यंत नेसवून उसाच्या सरीत बसवत होतो. आता टिकल्या नीट बघितल्या. मांडीवरच्या मांडीबरोबर जात होत्या, कासोट्यावरच्या कमरेबरोबर. निऱ्यांवरच्या मात्र कुठल्याच पायाचं ऐकत नव्हत्या.

परत येऊन मी तसंच केलं. मांड्यांवरचं कापड पायांच्या सांध्यांना दिलं, कासोटा कमरेला बांधला, आणि निऱ्यांना त्यांचे स्वतःचे तीन सांधे दिले, कमरेला खोचलेल्या ओच्यापासून लोंबणारे. बाई बसली, उठली, सरकली. लुगडं जागच्या जागी.

"जमलंय," सर म्हणाले. "पण गुडघे उघडे बरे दिसत नाहीत. खाली घे."

"कुणाला बरे दिसत नाहीत? काम करणाऱ्या बाईचे गुडघे आहेत ते. खाली घ्यायचं तर तुम्ही घ्या. मी मग झाडंसुद्धा करणार नाही."

शनिवार उद्यावर आला होता आणि माझे सांधे माझ्याशिवाय कुणाला सोडवता येणार नव्हते. हे सरांनाही कळत होतं. लुगडं राहिलं.

पुढं तो माहितीपट आमच्याकडच्या एका गावात समाजमंदिरात दाखवला. पुढं बायकाच बायका बसलेल्या. माझं पडद्याकडं लक्षच नव्हतं, मी त्यांची तोंडं बघत होते. लुगड्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तेवढ्यात पुढची एक म्हातारी बसल्या जागेवरनं पडद्यावरच्या बाईवर खेकसली, "आगं, हरळी मुळासकट काढ की! नुसती वरवर खुरपतीयास!"