बॉनेटखालची डबी

मलकापुरात हट्टी माणसांना काही तोटा नव्हता, पण तुळशीराम ड्रायव्हरची गोष्टच वेगळी. भगवानरावांच्या घरची मोटार त्यानं इतकी वर्षं चालवली की गावातले लोक तिला तुळशीरामची मोटार म्हणत, आणि भगवानरावांनाही त्याचं काही वाटत नसे. मालकाचं काम मागं बसायचं. पुढचा सगळा कारभार तुळशीरामचा. बॉनेटखालच्या एकेका भागाची त्याला माहिती, आणि कुणी विचारो न विचारो, ती सांगायची खोड.

तर या माणसाची बायको, रुखमाबाई, चैत्रात गेली. महाराष्ट्र होऊन चारपाच वर्षं झाली होती, आणि त्या साली उन्हाळा मेला नुसता भाजून काढत होता. नागपूरहून गाडी घेऊन तुळशीराम दुपारी घरी आला, भाकर खाल्ली आणि ओसरीत बाजेवर आडवा झाला. रुखमाबाई आतल्या खोलीत चटई टाकून पडली होती. दिवेलागणीला हा उठला, चहा मागितला. चहा आला नाही. आत जाऊन पाहतो तर ती गार पडलेली.

भेटायला आलेला जो तो विचारी, "काई बोलली का गा? आवाज देल्ला का तिनं?" तुळशीराम सांगे, "एक हाक नाई मारली. झोपीतच गेली." लोक म्हणत, पुण्यवान बाई, सुटली. सुरुवातीला त्यालाही ते ऐकून बरं वाटायचं.

मग मात्र तेच वाक्य त्याच्या उरावर बसलं. अरे, ही बाई बरणीचं झाकण निघेना तरी हाक मारी! विंचू निघाला, हाक. दूध उतू गेलं, हाक. नवरा गाडीखाली उताणा पडलेला असो, हात तेलानं माखलेले असोत, हिची हाक आलीच. आणि जीव जायला लागला, नवरा चार हातांवर झोपलेला, तेव्हा हिला हाक मारावीशी वाटली नाही? काऊन? मी काय कोणी परका होतो? असा राग कुणाला सांगायचा? मेलेल्या बायकोवर रुसलेला नवरा कुणी पाहिलाय? त्या रागापायी त्याला रडू आलं नाही, आणि पुढं पुढं रागही थिजला. जेवायचा, गाडी पुसायचा, गाडी चालवायचा. घर गप्प झालं होतं, बाजार गप्प झाला होता. लोक म्हणत, दुःख आहे, होईल हळूहळू कमी. तोही हो म्हणे.

पावसाळा सरता सरता भगवानरावांनी जुनी मोटार काढून नवी आणली. तुळशीरामनं इंजिन चालू करून बॉनेटवर तळहात ठेवून पाहिला. कोणतीही गाडी तो आधी अशी हातानं तपासायचा. म्हणाला, "गरीब गाडी हाय. आवाजच करत नाई." मालक म्हणाले, "नवी हाय ना बाबा," आणि विषय तिथंच संपला.

दसऱ्याला गाडीची पूजा आली. भगवानरावांच्या घरची रीत अशी की मालकीणबाई, म्हणजे अन्नपूर्णाबाई, ताट घेऊन येत. तुळशीराम बॉनेट उघडून एकेका भागाचं नाव घेई, आणि नाव घेतलं की बाई त्या भागाला हळदकुंकू लावत. नाव नाही तर कुंकू नाही. देवालासुद्धा आपण नावानंच बोलावतो की नाही, असं त्यांचं म्हणणं. बॅटरी, झालं. डायनॅमो, झालं. कॉईल, कटआउट, झालं. मग बाईंचं बोट एका डबीवर थांबलं. अंगठ्याएवढी पांढरी डबी, खालून वायरी निघालेल्या.

"हे काय व्हय, तुळशीराम?"

तुळशीराम वाकला. जुन्या गाडीत ही भानगड नव्हती. "कंडेन्सर असन," म्हणाला, आणि लगेच, "नाई, कंडेन्सर तं तिकडं हाय."

"मंग?"

"कोनाले तरी पुसून येतो, बाई."

एरवी तो लाजेनं अर्धा झाला असता. या घरात आजवर त्याला 'पुसून येतो' म्हणायची पाळी आली नव्हती. त्या दिवशी काही म्हणजे काही वाटलं नाही. बाईंनी ताट ओट्यावर ठेवलं, म्हणाल्या, "जा, पण जेवनाच्या आत ये," आणि तो गाडी घेऊन स्टेशनाकडं शेषरावच्या दुकानी गेला.

शेषराव मोटारींच्या वायरींचं काम करी. तुळशीरामचा जुना दोस्त, तोंडाचा फटकळ. त्यानंही पाने-पक्कडी पाटावर मांडून झेंडूची फुलं वाहिली होती. पूजेला बसवलेल्या हत्याराला आज हात लावायचा नाही, म्हणून तो रिकाम्या हातानंच उठला. बॉनेटखाली डोकं घातलं आणि हसला.

"अबे, फ्लॅशर हाय हा! वळताना तू खिडकीतून हात काढतो ना, तो आता काढा लागत नाई. खटका दाबला का दिवा लुकलुकते. ते लुकलुकनं ही डबी करते."

"मी तं हातच काढून राह्यलो."

"मंग काढ बापा, जलमभर काढ!" शेषराव आत बसला, चावी फिरवली, खटका दाबला. पुढचा दिवा लुकलुकू लागला. "आयक, कशी टिकटिक करते."

तुळशीरामनं कान डबीपाशी नेला. "कोठी टिकटिक? दिवा लागते, पण डबी मुकी हाय."

"मुकी? अबे, घड्याळावानी वाजून राह्यली! मले इथं बसून आयकू येते." शेषराव खाली उतरला. तुळशीरामच्या तोंडाकडं त्यानं नीट पाहिलं, आणि त्याचं हसू गेलं. त्यानं दोस्ताचं बोट धरून डबीवर टेकवलं.

बोटाखाली टिकटिक होत होती. दिवा लागला की एक, दिवा लागला की एक. बोटाला सगळं कळत होतं आणि कानात काहीच नव्हतं.

"कवापासून हाय हे?" शेषराव ओरडून म्हणाला. "तू माणसाच्या तोंडाकडं टक लावून पाहून राह्यला, मले वाटलं बायकोच्या दुःखानं!"

कवापासून? तुळशीराम आठवत राहिला. होळीच्या दिवशी मालक चिडून म्हणाले होते, तुले दोनदा हाक मारा लागते. होळीला. आणि होळी चैत्राच्या आधी येते.

त्यानं गाडी परत नेली. "फ्लॅशर," बाईंना सांगितलं. बाईंनी कुंकू लावलं, आणखी काहीतरी विचारलं, त्यानं मान हलवली. मग जेवायला न थांबता तो घराकडं निघाला. आपल्या घरात मात्र गेला नाही, शेजारच्या जनकाबाईच्या दारात जाऊन उभा राहिला.

जनकाबाई म्हातारी, एकटी. तिच्या आणि याच्या घरात मधे एकच कुडाची भिंत. ती आपट्याची पानं निवडत बसली होती. याच्या घराला यंदा सण नाही, म्हणून तिनं पान पुढं केलं नाही.

"मावशी, रुखमीनं त्या दिवशी हाक मारली व्हती का?"

म्हातारीचे हात थांबले. तिनं खाली मान घालून काहीतरी म्हटलं.

"मोठ्यानं सांगा, मावशी. मले आयकू येत नाई."

तिनं मान वर केली. इतके महिने ती त्याच्याशी धड बोलली नव्हती. पाहून राहिली त्याच्याकडं. "आयकू येत नाई? अरे देवा! अन् मी समजत व्हती का तू आयकून बी उठला नाई!"

"मारली व्हती का?"

"मारली व्हती!" जनकाबाई ओरडली, आणि गल्लीतून जाणारी माणसं थांबली. "लय येळ मारत व्हती रे! अवो उठा, अवो उठा! मंग थांबली. मले वाटलं तू उठला!"

हे त्याला ऐकू आलं. तो तिच्या उंबऱ्यावरच खाली बसला. "मलेच मारली व्हती ना?"

"तुलेच रे बाबू! दुसऱ्या कोनाले मारन ते?" म्हातारी पुन्हा पुन्हा ओरडून सांगत होती, आणि तुळशीराम उंबऱ्यावर बसून, चैत्रापासून पहिल्यांदा, रडत होता.