पिराजीनं हलगी वाजवली नाही

मी चमन. आमच्या पेठेत तालमीसमोर माझं सायकलचं दुकान आहे, आणि दुकानापुढच्या बाकड्यावर गेली तीस वर्षं जो माणूस दुपारचा पेंगतो, तो पिराजी. हलगीवाला पिराजी. पेठेची फुटबॉल टीम मैदानात आणि पिराजी गोलपोस्टमागं नाही, असं मी तरी कधी बघितलं नाही.

काय दिवस होते राव! मॅच चारला असायची, आम्ही दोनलाच स्टेडियमवर. पिराजी कोपऱ्यात रद्दी पेटवून हलगी शेकायचा, टिचकी मारून कान लावायचा. कातडं ताणलं की गालातल्या गालात हसायचा. मग काठी पडली की समोरच्या पेठेची पोरं नुसत्या शिव्या घालायची. अलीकडं त्याला आम्ही प्लास्टिकची हलगी घेऊन दिली, शेकायची कटकट नको म्हणून. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आणून आपटली. म्हणाला, "पत्र्याचा डबा बडवल्यागत वाटतंय. तुझ्या नातवाला दे खेळायला." असला तिरसट माणूस.

त्याच गोलपोस्टमध्ये आमचा राजवीर उभा राहिला. गल्लीतल्या संयोगिताताईंचा मुलगा. सोळाव्या वर्षी पहिली मॅच आणि पहिल्याच मॅचला पेनल्टी अडवली. आम्ही त्याला खांद्यावर बसवून घरी नेला, मी एवढा बोंबललो की घसा तीन दिवस बसला. चार वर्षं पेठेकडून खेळून तो मोठ्या क्लबात गेला, देशाचा गोलकीपर झाला. तो टीव्हीवर दिसला की माझी बायको अमीरबी कुकर तसाच शिट्ट्या मारत सोडून पळत यायची. आता ते आठवलं की बरं वाटतं आणि वाईटही वाटतं.

कारण गेल्या वर्षी एका मोठ्या मॅचच्या आदल्या दिवशी राजवीरनं जाहीर केलं, मी खेळणार नाही. मैदानात पाऊल टाकलं की श्वास कोंडतो, झोप नाही, जगावंसं वाटत नाही. डॉक्टरांचे उपचार घेतोय.

झालं! पेठेत जो तो डॉक्टर झाला. मिसळीच्या दुकानात एक म्हणाला, "पैसा डोक्यात गेला." दुसरा म्हणाला, "दृष्ट लागलीया, जोतिबाला न्या." तालमीचे अध्यक्ष हंबीरराव मिशीवर ताव मारत म्हणाले, "मनाचा आजार? आमच्या येळंला न्हवता असला आजार. पेठंचं नाक कापलं की!" कुणीतरी राजवीरच्या फोटोला बांगड्या घालून तो मोबाईलवर फिरवला. आणि खोटं कशाला सांगू, तो मीही चार ठिकाणी पुढं पाठवला. हसत पाठवला. लाज वाटते आता, पण पाठवला.

पुढच्या आठवड्यात वारं फिरलं. टीव्हीवर मोठमोठी माणसं म्हणायला लागली, पोरानं धाडस केलं. मग आमची पेठ मागं राहील होय? चौकात हत्तीएवढा बॅनर: 'खचू नकोस वाघा, अख्खी पेठ पाठीशी!' राजवीर रविवारी घरी येणार असं कळलं आणि हंबीररावांनी मिरवणूकच ठरवली. उघडी जीप, गुलाल, फटाके, डॉल्बी आणि जीपच्या पुढं पिराजीची हलगी. नादखुळा काम! कोल्हापुरी माणसाची माया ही अशी, कानठळ्या बसल्याशिवाय ती पोचली असं आम्हाला वाटतच नाही.

हंबीरराव सुपारी द्यायला दुकानात आले. पिराजी बाकड्यावरून उठलाही नाही.

"मी वाजवणार न्हाय."

"का रं? राजवीर तुझा कुणी न्हवं काय?"

"हाय. म्हणूनच न्हाय."

हंबीरराव भडकले. तीस वर्षांत पिराजी वाजवायला नाही म्हणाला नव्हता. मीही त्याला म्हटलं, "आरं, माज करतोस काय?" तेव्हा त्यानं मान खाली घालून सांगितलं.

"पोरगं दर मॅचच्या आधी स्टँडमागं जाऊन वकायचं. भडाभडा. हातपाय लटालटा कापायचं. पयल्या मॅचला बी. मी बघितलं, वाटलं कुणी ऐकलं तर पोराची चेष्टा हुईल. म्हणून ते तिकडं गेलं की मी हलगी जोरात वाजवायचो. तुमी नाचायचा. चार वर्सं, हंबीरराव. त्येचं दुखणं मी वाजवून वाजवून झाकलं. आणि आता गर्दीला भ्यालेल्या पोरापुढं परत गर्दीच नाचवायची?"

त्या चार वर्षांत सगळ्यात जास्त नाचलो होतो मी. हंबीररावांनी टोपी काढून डोकं खाजवलं, परत घातली, आणि बाहेर जाऊन फोन लावला. "डॉल्बी नको. न्हाय म्हंजे न्हाय. कारण इचारू नको, कानाखाली आवाज काढीन." रविवारी राजवीर बहिणीच्या गाडीतून आला. दोन पोरांनी तरी फटाका लावलाच. हंबीरराव स्वतः चप्पल घेऊन त्यांच्या मागं धावले.

चार-पाच दिवसांनी भर दुपारी राजवीर माझ्या दुकानात आला. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. मी फोटोबद्दल माफी मागायला तोंड उघडलं, आणि मग उगाच चाकाला हवा मारत बसलो. तो पिराजीशेजारी बाकड्यावर टेकला.

"मामा, मिरवणूक तुमी मोडली म्हणं."

"व्हय. चुकलो काय?"

"न्हाय. पण का मोडली?"

पिराजीनं त्याला सगळं सांगितलं. हलगीचं, स्टँडमागचं, चार वर्षांचं. राजवीर ऐकत होता, आणि बघता बघता त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुमास्नी ठावं हुतं?" तो म्हणाला. "मला वाटायचं, ह्या जगात हे कुणालाच ठावं न्हाय. मामा, मग एकदा बी इचारलं न्हाईसा?"

तीस वर्षं अख्खं स्टेडियम हलवणारा माणूस, त्याला एक वाक्य सापडेना. मला वाटलं आता राजवीर उठून जाणार. मी पंप खाली ठेवला.

तेवढ्यात पिराजीनं राजवीरच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"इचारायला पायजे हुतं, लेकरा. आता इचारतो. कसा हाईस?"

"बरा न्हाय, मामा," राजवीर म्हणाला, आणि पिराजीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागला.

रस्त्यावरनं माणसं जात होती. मी उठलो आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.